कडेची म्हातारी

ठाणे,
नारळी पौर्णिमा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी सोडून तू निघालीस तेव्हा मी चार महिने तुझ्याशी धड बोललो नव्हतो. धवळारिणीचे, म्हणजे लग्नात धवळे ही पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या बाईचे, फोटो काढून घरभाडं कसं निघणार, हे मला अजून कळलेलं नाही. पण माझ्या जुन्या फोटोंत एखादी धवळारीण आहे का, असं तू विचारलंस म्हणून ट्रंक उतरवली.

चेंदणी कोळीवाड्यातल्या लग्नांचे सगळे अल्बम चाळले. धवळे म्हणणारी बाई एकाही फोटोत नाही. मग खिडकीशी बसून निगेटिव्ह उजेडासमोर धरत गेलो. १९८६ च्या एका हळदीच्या रोलवर सापडली. नवरीच्या बाजूला, अगदी कडेला, मांडीवर हात टाकून बसलेली म्हातारी. डोळे मिटलेले, तोंड उघडं. ऐन गाण्यात आहे. अल्बमसाठी प्रिंट काढताना एन्लार्जरखाली चौकट सरकवून मीच तिला बाहेर काढलं होतं! गिऱ्हाइकाला नवरी हवी असायची, आणि ३६ फोटोंच्या रोलमधला एकही मी तिच्यासाठी खर्च केला नव्हता. धवळे तिला तोंडपाठ. वही नाही, कागद नाही.

तू सांगितलंस म्हणून ज्योती भट्ट यांच्याबद्दल वाचलं. मूळ चित्रकार माणूस, १९६७ साली गुजरातच्या लोककलांचे फोटो काढायला लागला आणि पुढे वर्षानुवर्षं भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या टिपत गावोगाव फिरला. पद्मश्री मिळाली २०१९ मध्ये. म्हणजे भाड्याची सोय त्यांनी कशी केली, ते एकदा नीट बघून ठेव.

म्हातारीचं नाव मला माहीत नाही. दोघांना विचारलं, दोघांनी दोन नावं सांगितली. माझ्या पाकिटावर नवऱ्यामुलाचं आडनाव, तारीख आणि 'बाकी १५० रु.' एवढंच. तू फोटो काढशील त्या रात्री झोपायच्या आधी नाव, गाव, कुठलं गाणं ते लिहून ठेवत जा. हे मात्र बापाचं ऐक.

निगेटिव्ह कुरिअरने पाठवणार नाही. काही पट्ट्या एकमेकींना चिकटल्यात, त्या मी ओढून सोडवल्या नाहीत. काहींना व्हिनेगरसारखा वास सुटलाय, त्या वेगळ्या डब्यात ठेवल्यात. आधी त्याच स्कॅन कर.

रविवारी ये. म्हातारीची सून अजून कोळीवाड्यातच राहते म्हणे. तिच्याकडे जाऊ. येताना सुती हातमोजे आण, दोन जोड.

तुझा,
बाबा