झरीच्या रस्त्यावरचं ते पळणं

परभणी

प्रिय राधा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, मुंबई मॅरेथॉनच्या तयारीसाठी या रविवारी २८ किलोमीटर पळायचेत. मला तेव्हाच काही सांगायचं होतं, पण शब्द सापडले नाहीत. म्हणून लिहायला बसलो.

दिवाळीतलं तुझं २६ किलोमीटरचं पळणं माझ्यामुळं बिघडलं, बाळा. पहाटे पाचला आपण जिंतूर रोडला लागलो. तू पुढं, मी मागं स्कुटीवर. पहिले पाच-सहा किलोमीटर तू माझ्याशी गप्पा मारत पळत होतीस. उजाडलं तशी रस्त्याकडेची तूर पिवळी दिसायला लागली, तीही तूच मला दाखवलीस. आणि मी काय म्हणलो? "गार आहे तोवर उरकून घे, जरा जोर लाव." एकदा नाही, दोनदा. तू माझं ऐकलंस. झरीच्या अलीकडून परत फिरलो तेव्हा तुझं बोलणं बंद झालं होतं. तिथंच मी ओळखायला हवं होतं. बाविसाव्या किलोमीटरला तू दगडावर बसलीस. ओठ पांढरेफटक, बोटं थरथरत होती, बाटलीचं झाकणसुद्धा तुला उघडेना.

आपल्याकडं पळणं म्हणजे पोलीस भरती. पोरांचे १६०० मीटर, पोरींचे ८००, आणि कुणीतरी घड्याळ धरून ओरडणारा. मीही तेच करत मोठा झालो, त्यामुळं पळणं म्हणलं की दमछाक झालीच पाहिजे, हेच डोक्यात. तुझं रविवारचं पळणं त्या जातीचं नाही, हे मला आता कळलं. स्नायूंत साठवलेली साखर जोरात पळालं की भराभर संपते. बहुतेकांची तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपते आणि मग पाय उचलत नाहीत. हळू पळालं की शरीर चरबी जाळायला शिकतं, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. हे काम धापा टाकून होत नाही. तुझे आजोबा नांगरटीला सकाळी बैल कधी दामटत नसत. सकाळी दामटलेला बैल दुपारी नांगराच्या तासातच उभा राहतो, म्हणायचे. घरातली गोष्ट, आणि मी स्कुटीवर बसून विसरलो.

तेव्हा रविवारी अख्खं वाक्य न तुटता बोलता येईल एवढ्याच वेगानं पळ. शर्यतीच्या वेगापेक्षा किलोमीटरमागं मिनिटभर उशीर झाला तरी होऊ दे. शेजारून कुणी पुढं गेलं तर जाऊ दे. दर आठवड्याला अंतर वाढवत सुटू नकोस, तीन आठवडे वाढवलं की चौथ्याला कमी कर. सगळ्यात लांबचं, ३२ किलोमीटरचं, शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकलेलं बरं. त्यानंतर पाय ताजे होऊ द्यायचे. तेव्हा आळस केल्यासारखं वाटेल, पण उगं धाकधूक करत जास्तीचं पळू नकोस.

खाण्याचं तर मी त्या दिवशी विचारलंही नाही. उपाशीपोटी निघालीस, वाटेत नुसतं पाणी. पहिल्या तासापासूनच दर पाऊण तासानं काहीतरी गोड पोटात गेलं पाहिजे, भूक लागायची वाट बघायची नाही. खजूर म्हण, केळं म्हण, जे पोटाला सोसतं ते. पण शर्यतीत जे खाणार तेच या रविवारी खाऊन बघ. आणि चार-पाच तास घाम गाळताना नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. आईनं लिंबू-मीठ-साखरेचा अंदाज लिहून पाठवलाय. तिनं शेगावच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत दोनदा वारी केलीय, तिचा अंदाज तू मोडू नकोस. मोजे भिजले की लगेच बदल, हेही तिचंच.

आपल्या परभणीच्या ज्योती गवतेनं २०१७ ला मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर काढला. इथल्याच उन्हात, इथल्याच रस्त्यांवर ती तयार झाली. तुला नंबर काढायचा नाही, मला ठाऊक आहे. तुला ४२.१९५ किलोमीटर स्वतःच्या पायांवर पुरे करायचेत. परभणीहून जिंतूर जवळपास तेवढंच. परवा मी मुद्दाम बसनं जिंतूरला जाऊन आलो, खिडकीत बसून. लई लांब आहे गं. एवढं अंतर तू पळणार, या विचारानं घसा दाटून आला.

जानेवारीत देवगिरी एक्स्प्रेसनं आम्ही दोघं येतोय, तिकिटं काढली. पेडर रोडचा चढ परतीला लागतो, पाय सगळ्यात जड झालेले असतात तेव्हा, असं तूच म्हणाली होतीस. आम्ही तिथंच उभे राहू. या वेळी जोर लाव म्हणणार नाही. लिंबू-मीठाची बाटली माझ्या हातात असेल, आणि तिचं झाकण मी आधीच सैल करून ठेवीन.

तुझा,
बाबा