आईचा दीड जीबी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात घालून आलेले एक पत्रक हाती पडले. वायफाय, लँडलाइन, दोन मोबाइल आणि टीव्ही, सगळे एकाच बिलात, महिना फक्त ९९९ रुपये. लँडलाइनवरचे कॉल मोफत, हे लाल अक्षरांत. मी बँकेत कॅशियर होतो. 'फक्त' हा शब्द दिसला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'अधिक जीएसटी' होते. १८ टक्के धरले की महिन्याला ११७९ आणि वर्षाला १४,१४६ रुपये. आता हेच सुटे घेऊन पाहू. फायबरची ४९९ ची जोडणी आमच्याकडे आहेच, लँडलाइन तिच्यातच येते. करासह वर्षाला ७०६६. माझ्या मोबाइलला २९९ चा पॅक. तो २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज: ३८८७. प्रीपेडच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो, त्यामुळे पत्रकातला आकडा आणि रिचार्जचा आकडा नुसते शेजारी ठेवणारा हमखास फसतो.

राहिला आईचा फोन. आई ८३ वर्षांची, फोन बटणांचा. तिलाही मी दर २८ दिवसांनी २९९ चाच मारत होतो. "मला नुसतं बोलायचंय रे, तो रोजचा दीड जीबी कुठं ठेवू?" असे ती एकदा म्हणाली, तेव्हा ओशाळलो. फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक कंपन्यांनी द्यायलाच हवा, असा नियम 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये केला आणि महिन्याभरात तसे पॅक आलेही. पण मारुती चौकातल्या दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, "काका, असला पॅक कुणी मारत नाही." शेवटी पुतण्याने ॲपमध्ये बोटाने खाली खाली जात तो शोधून काढला. वर्षभराचा, १८४९ रुपयांना.

एकूण १२,८०२. पत्रकापेक्षा १३४४ रुपये कमी. खरे सांगायचे तर आईच्या जागी कॉलेजातला नातू असता, तर सुट्याचे १४,८४० झाले असते आणि पत्रकवालाच सातशे रुपयांनी स्वस्त ठरला असता, वर टीव्ही. मात्र एक बिल चुकले की घरातले सगळेच एकदम बंद, हेही लक्षात घ्यावे.

आणि त्या मोफत कॉलचे काय? मोबाइलवरून हवे तेवढे बोलता येत असताना त्यासाठी लँडलाइन कोण घेईल? गावभागातल्या जुन्या घरी आम्ही तांब्याच्या तारेचा फोन जपला होता, तो वीज गेली तरी वाजायचा म्हणून. त्याची वीज त्याच तारेतून एक्स्चेंजमधून यायची. २००५ च्या महापुरात गल्लीत अंधार होता, तरी पुण्याच्या आत्याचा फोन रोज येत होता. फायबरची लँडलाइन घरातल्या वायफायच्या डब्यावर चालते; वीज गेली की डबा बंद आणि फोनही बंद. परवाच्या वळवात दीड तास वीज नव्हती. मी बाजारात होतो. परतलो तर आई मुका रिसीव्हर कानाला लावून बसलेली, बटणांचा फोन चार्जिंगला लावायचा राहिलेला. डब्याला छोटा यूपीएस लावला की हा प्रश्न सुटतो, पण तो आपल्या पैशाने घ्यायचा, आणि तसे कुणी सांगतही नाही.

फक्त कॉलचा पॅक दुकानांतल्या दरफलकावर मराठीत लिहिणे सक्तीचे करावे. 'वीज नसेल तर लँडलाइन चालणार नाही' हे वाक्यही पत्रकावर लाल अक्षरांत हवे. निदान आपल्या अंकात घालून येणाऱ्या पत्रकांपुरते तरी आपण हे पाहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कॅशियर, विश्रामबाग, सांगली