काटा खरा कशावरून?

जांभळी नाका, ठाणे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालीस, "बाबा, मला कशाचीच खात्री वाटत नाही. आत्ता बोलतेय तेही स्वप्न नाही कशावरून?" आई घाबरली. मला उत्तर सुचलं नाही. दुकान वाढवल्यावर तू ठेवून गेलेलं देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं पुस्तक उघडलं. १६४१ सालचं. शेकोटीपाशी बसून तो तुझाच प्रश्न विचारतो. सगळं खोटं धरलं तरी शंका घेणारा 'मी' उरतोच, इथवर मी त्याच्याबरोबर गेलो. पुढे देवाच्या हवाल्यावर तो जग परत मिळवतो, ते काही पटलं नाही.

मग मला मागच्या पावसाळ्यातली साखर आठवली. एक ताई किलोची पुडी परत घेऊन आल्या, वजनात कमी आहे म्हणाल्या. आपल्या काट्यावर बरोबर १००० ग्रॅम, शेजारच्या दुकानात ९८५. दोन्ही आकडे तितकेच ठणठणीत. शेवटी गल्ल्याखालचं शिक्क्याचं एक किलोचं लोखंडी वजन काढून काट्यावर ठेवलं, तर आपला काटा १०१५ दाखवू लागला. किती जणांना कमी माल गेला असेल, या विचाराने त्या रात्री मला झोप नाही.

पण ते लोखंडी वजन खरं कशावरून? ते वजनमापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापनवाल्यांच्या वजनाशी ताडलेलं. तिथून वर वर जात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतला किलो, आणि त्याच्याही वर पॅरिसजवळ १८८९ पासून जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल. शंभरेक वर्षांत तो आणि त्याच्या नकला यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. कोण हललं? सांगता येईना, कारण किलो म्हणजेच तो! अखेर २० मे २०१९ पासून किलो प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर, बांधला.

आपल्याकडे हा वाद फार जुना. नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने विचारलं होतं, ज्ञान खरं ठरवणारं साधन म्हणजे प्रमाण, मग त्या प्रमाणाला प्रमाण कोणतं? न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांनी दाखला दिला तो तराजूचाच. तराजू वजन करतो, आणि शंका आली की तोच दुसऱ्याने तपासला जातो. वाचून मी उठून बसलो. आपल्या धंद्यातली गोष्ट, बाळ!

म्हणून मला वाटतं, प्रत्येक काट्यावर शंका घे, जरूर घे. पण सगळे काटे एकदमच खोटे म्हटले, तर खोटे कशाच्या मानाने? आपला काटा पंधरा ग्रॅमने चुकतो म्हणायला मला ते एक वजन खरं धरावं लागलं.

स्वप्नाची शंका याने फिटत नाही, हे मलाही दिसतंय. त्यावर तुझ्याशी तासन् तास बोलायला मला आवडेल. पण रात्र रात्र झोप लागत नाही असं तू आईला सांगितलंस, ते देकार्तमुळे आहे असं मला वाटत नाही. काय झालंय? शनिवारी दुकान बंद ठेवून सकाळच्या गाडीने पुण्याला येतोय.

तुझे,
बाबा