कोड्यातला चित्ता चित्ता नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या बालपुरवणीत ‘ओळखा पाहू’ या कोड्यात खेळण्यातल्या सहा प्राण्यांची छायाचित्रं होती. चौथ्याचं उत्तर ‘चित्ता’ असं छापलं आहे. तो चित्ता नाही, बिबट्याही नाही. तो जॅग्वार आहे, म्हणजे अमेरिका खंडातलं, बिबट्यासारखं दिसणारं मोठं मांजर. एवढं ठामपणे सांगते, कारण तोच साचा, तोच रंग, तोच वर उचललेला डावा पुढचा पाय आमच्याकडे दाखल क्रमांक ११७ म्हणून नोंदलेला आहे.

मी ग्रंथालयातून निवृत्त झाले. नोकरीभर पुस्तकांची कार्डं लिहिली. आता मुलांना खेळणी घरी न्यायला देणाऱ्या एका लहानशा केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते. हाताची सवय जात नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी प्राण्यांना नंबर देऊन नोंदवही घातली, प्रत्येकाचं कार्ड केलं आणि नावाच्या रकान्यापाशी अडले. एकूण २१४ प्राणी. आधीच्या वहीत ‘वाघ ६, हरीण ११, डायनासोर बरेच’ एवढीच माहिती.

११७ समोर मीही आधी ‘चित्ता’च लिहिलं होतं. अंगावर ठिपके दिसले की आपल्या तोंडी चित्ताच येतो. आठ वर्षांची एक मुलगी तो घरी न्यायला आली, कार्ड वाचलं आणि म्हणाली, “आजी, पण हा रडलेला नाहीये.” मला उमजेना. मग तिनं स्वतःच्या डोळ्यापासून ओठांपर्यंत बोट ओढून दाखवलं. चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तोंडापर्यंत एक काळी रेघ उतरते, अश्रू ओघळल्यासारखी. ११७ला ती नव्हती. भिंग काढलं. चित्त्याचे ठिपके भरीव असतात, शाईचे थेंब पडल्यासारखे. बिबट्याचे पोकळ, पाकळ्यांच्या कड्यासारखे. जॅग्वारच्या कड्यांच्या आत आणखी बारीक टिंबं असतात. ११७च्या कुशीवर ती होती, रंगवणाऱ्यानं जपून दिलेली. शिवाय डोकं थोराड आणि पाय आखूड. कार्ड खोडलं.

मात्र रंग असा नेहमी खरं बोलत नाही. आमच्याकडच्या मोठ्या मांजरांपैकी तीन बघा. एक पट्ट्यांचा वाघ, एक काळा ‘पँथर’, एक पिवळट सिंहीण. तिन्हींच्या शेपटीला एकाच जागी तोच बाक, आणि साच्याची शिवण हनुवटीपाशी तशीच वाकडी. म्हणजे एकच प्राणी तीनदा रंगवलेला. (काळा पँथर ही वेगळी जात नव्हेच, तो काळा बिबट्या असतो, नाहीतर काळा जॅग्वार.) तेव्हापासून मी आधी शरीर बघते आणि रंग त्यानंतर. साचा घडवणारा निदान एकदा तरी त्या प्राण्याचं चित्र निरखून बघतो. त्या तिघांच्या कार्डावर मी ‘मोठं मांजर, साचा एक, रंग तीन’ असं लिहून विषय मिटवला.

हत्तीनं मात्र मला दोन दिवस अडकवून ठेवलं. दाखल क्रमांक ४२. कान खांदे झाकतील एवढे, म्हणजे आफ्रिकी. पण डोक्यावर मधोमध खाच आणि दोन बाजूंना दोन उंचवटे. ही आशियाई हत्तीची खूण. पाठही कमानीसारखी वर आलेली. आफ्रिकी हत्तीची पाठ मध्ये खोलगट असते. सुळ्यांवरून निकाल लागेना, कारण आफ्रिकी नर-मादी दोघांनाही सुळे असतात आणि आशियाई नरांपैकी अनेकांना. सोंडेच्या टोकाला आफ्रिकी हत्तीला बोटासारखे दोन कोंब असतात, आशियाईला वरच्या बाजूला एकच. ४२ची सोंड एका गुळगुळीत गोळ्यात संपते! शेवटी पालथा करून नखं मोजली. पुढच्या पायाला पाच, मागच्याला चार. आशियाई हत्तीची नखं साधारण अशीच असतात, आणि गवताळ प्रदेशातल्या आफ्रिकी हत्तीची पुढे चार, मागे तीन. पण आफ्रिकेतल्या घनदाट जंगलातल्या हत्तीलाही पाच-चारच असतात, त्यामुळे नुसत्या नखांवर विसंबता येत नाही. डोकं, पाठ आणि नखं एकत्र धरून मी कार्डावर लिहिलं: ‘आशियाई हत्ती, कान आफ्रिकी’. ग्रंथालयात असं कार्ड लिहिलं असतं तर बोलणी खाल्ली असती.

बाकीचे पुष्कळसे पटकन लागले. उभी शेपटी तो शार्क, आडवी तो डॉल्फिन. पायांच्या जागी वल्ही असलेलं समुद्री कासव. दोन शिंगांच्या आफ्रिकी गेंड्याचा ओठ रुंद, सपाट असला तर पांढरा गेंडा, टोकदार असला तर काळा. खेळण्यात दोन्ही राखाडी असतात, आणि खरे गेंडेही राखाडीच. तीन ‘चिंपांझीं’ना शेपटी निघाली. चिंपांझीला शेपटी नसते. त्यांना माकडांत घातलं.

‘डायनासोर बरेच’मधून एक मी बाहेर काढला आहे. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन. डायनासोरांच्या जवळजवळ प्रत्येक पुड्यात हा असतोच, पण तो डायनासोर नाही. तो सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच संपला, आणि माहीत असलेले सर्वांत जुने डायनासोर सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचे. नात्यानं तो डायनासोरांपेक्षा आपल्याला, म्हणजे सस्तन प्राण्यांना, जवळचा. एका मुलाला हे अजिबात पटलं नाही. “मग याच्याशी कोण खेळणार?” असं विचारून त्यानं तो पुन्हा डायनासोरांच्या डब्यात ठेवला. कार्ड बरोबर आहे, म्हणून मीही डबा बदलला नाही.

कशातच न बसणारे सात उरले आहेत. एकाच्या शेपटीला चक्क पंख्याची पाती आहेत. आमच्याकडे मदतीला येणारा एक तरुण तो बघून हरखला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी ‘प्रागैतिहासिक प्राणी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशाच स्वस्त प्लास्टिकच्या बाहुल्यांवरून ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि ‘आउलबेअर’ हे राक्षस रचले, असं त्यानं सांगितलं. कार्डावर तेच लिहिलं. काल्पनिक प्राण्याचीही नोंद नीट व्हायला हवी.

एक विनंती. पुढच्या वेळी कोडं छापताना खेळण्याच्या पोटाचाही फोटो घ्या. काही उत्पादक तिथे प्राण्याचं नाव आणि साल कोरतात. साल बहुधा साच्याचं असतं, खेळणं त्यानंतरचंही असू शकतं. पण नाव मिळालं तर अर्धं काम तिथेच होतं. जे कोरत नाहीत त्यांनी कोरायला काय हरकत आहे? मुलांना काय फरक पडतो, असं आमच्याकडेही एक-दोघांनी विचारलं. फरक कोणाला पडला ते सांगते. तीच आठ वर्षांची मुलगी परवा आपली पुरवणी घेऊन आली. चौथ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, “पेपरात चित्ता लिहिलंय. आपलं कार्ड चुकलं का?”

मी तिला पुढच्या रविवारपर्यंत थांब म्हटलं आहे. ११७चं कार्ड तोवर तसंच आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल