कोकणात निघण्याआधी टायमिंग चेन तपासून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की कराडच्या माझ्या गॅरेजात जुन्या गाड्यांची रांग लागते. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं असतं, म्हणून लोक ब्रेक, टायर, वायपर, कूलंट सगळं बघून घेतात. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातल्या भागांची वेळ जुळवून ठेवणारी साखळी, बघा असं आपणहून सांगणारं गिऱ्हाईक मात्र ३४ वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच आलं. त्यासाठीच हे पत्र.

गेल्या वर्षी एका निवृत्त गुरुजींची २०११ची डिझेल गाडी टो होऊन माझ्याकडे आली. तीन महिने ती सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खडखडायची आणि मग गप्प व्हायची. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, डिझेल गाडी आहे, आवाज करणारच. चिपळूणला पाहुण्यांच्या घरासमोर उतारावर त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली. हँडब्रेक अर्धवट लागला होता, गाडी जराशी मागे सरकली. सकाळी सेल्फ मारताच ठाणकन आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवलं तर हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह वाकलेले, त्यांना दाबणारे रॉकर तुटलेले, पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हचे चंद्रकोरीसारखे ठसे. चेन वेळेवर बदलली असती तर १६ हजारांत होणारं काम ५५ हजारांवर गेलं. पेन्शनवरच्या माणसाला तो आकडा सांगताना मला फार वाईट वाटलं.

त्या रात्री झालं काय? पिस्टनमुळे फिरणारा दांडा म्हणजे क्रँक, आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅम. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक व्हायला हवा. हा हिशेब चेन सांभाळते. चेन ‘लांबते’ म्हणजे पोलाद ताणलं जात नाही, कड्यांमधल्या पिना आणि बुश झिजतात. एकेका कडीची झीज डोळ्यांना दिसतही नाही, पण सगळ्या कड्यांची मिळून चेन सैल पडते. हा सैलपणा टेन्शनर नावाचा भाग ओढून धरतो, आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली उतरतं. दाब परत येईपर्यंत सैल चेन गाइडवर, म्हणजे तिला आधार देणाऱ्या पट्टीवर, आपटते, तोच सकाळचा खडखडाट. गुरुजींची गाडी गिअरमध्ये असताना मागे सरकली, तेव्हा इंजिन उलटं फिरलं. अशा वेळी सैल चेन चाकाचे दात सोडू शकते, मग व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत आणि पिस्टन त्यांच्यावर आदळतो.

गुरुजींची जुनी चेन मी फेकून दिली नाही. नव्या चेनचं एक टोक धरून ती आडवी केली तर जेमतेम वाकते, जुनी धनुष्यासारखी खाली झुकते. प्लॅस्टिकच्या गाइडवर नख अडकेल एवढी खाच पडली होती, आणि त्याचे तुकडे चेंबरमध्ये ऑइलच्या जाळीला चिकटलेले. जाळी तुंबली असती तर ऑइल न मिळून क्रँकही गेला असता.

मी काम शिकलो तेव्हा पद्मिनी आणि अॅम्बॅसेडर रस्त्यावर होत्या. त्यांच्यात चेनच असायची, आणि ती वाजू लागली की मालकच म्हणायचा, चेन टाकून घ्या. मारुती ८००मध्ये चेनऐवजी रबरी पट्टा आला. पट्टा ठरावीक किलोमीटरला बदलायचा, हे लोकांच्या अंगवळणी पडलं. पुढे बऱ्याच गाड्यांत पुन्हा चेन आली आणि तिच्याबरोबर ‘चेनला काही बघावं लागत नाही’ ही समजूतही. ती चेन खराब ऑइलपुढे टिकत नाही. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी साचते, आणि ते वेळेवर बदललं नाही तर तीच काजळी पिना घासत राहते. जुनी गाडी घेताना ऑइल बदलल्याची बिलं मागा. पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन वाढवायला गाडी आरटीओत न्यावी लागते. तिथे ब्रेक, दिवे, धूर तपासतात, पण चेन पाहायला इंजिन कुणी उघडत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनाही हात जोडून सांगणं आहे. नुसती चेन टाकून गाडी देऊ नका. टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट म्हणजे चेनची दातेरी चाकं, सगळं एकदम बदला. कॅम-क्रँक लॉक करायचं टूल नसेल तर काम घेऊ नका. सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा जुळतात का बघा. आणि बिलावर किलोमीटर लिहा, पुढच्या मालकाला त्याचा उपयोग होतो. कंपन्यांनीही सर्व्हिस बुकात ‘चेन तपासा’ अशी एक ओळ किलोमीटरसह छापावी.

निघायच्या आठ दिवस आधी, रात्रभर उभी असलेली गाडी बॉनेट उघडून सुरू करा. घरातल्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः समोर उभं राहून ऐका. खडखड आली तर गाडी आधी दाखवा. ऐन घाटात बंद पडली तर धक्का मारून सुरू करू नका, गिअरमध्ये ओढूनही नेऊ नका. सरळ उचलून न्या.

आपला,
एक गॅरेजमालक, कराड