आफ्रिकान्स नाटक करायचे तर

मा. संपादक,

नाशिकच्या हौशी संस्था परकीय संहिता घेतात, पण नजर इंग्रजीपलीकडे सहसा जात नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेतले नाटक जरूर वाचावे. तिथल्या आउट्सहोर्न गावी १९९५ पासून कला महोत्सव भरतो. तिथे शाळांच्या सभागृहांतही प्रयोग होतात, त्यामुळे नेपथ्य आटोपशीर लागते. रेझा द वेट यांचे ‘दीपे ख्रोंट’ पाहा: आईबापांना मारून एकाकी शेतावर राहणारी भावंडे त्याच आईबापांची सोंगे वठवतात!

लेखिका २०१२ साली निवर्तल्या, म्हणजे हक्क अजून शाबूत. भाषांतराची आणि प्रयोगाची परवानगी वेगवेगळी, लेखी घ्यावी. मग नाटकाची संहिता तपासणाऱ्या राज्याच्या परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र. तालमी आधी आणि पत्रव्यवहार नंतर, हा उलटा क्रम अंगाशी येतो.

एकपात्री नाटक निवडले तर घोळ होतो तो लांबीचा. विरामांसह मिनिटाला शंभर शब्द धरले तर तासाला सहा हजार पुरतात. भाषांतर फुगतेच, पहिले वाचन घड्याळ लावून करावे आणि कात्री तिथेच चालवावी. केपटाऊनच्या वस्त्यांतली काप्स ही आफ्रिकान्सची बोली इंग्रजीमार्गे आली की सपाट होते. तिला पुस्तकी मराठी नको, बागलाणी किंवा पंचवटीतली बोली शोभेल.

— एक नाट्यकर्मी, नाशिक