सुगीच्या दिवसांत मेलबर्नहून

मेलबर्न, 2 नोव्हेंबर 2025

ति. पप्पा आणि आई यांना,
सा. न. वि. वि.

आज तुळशीचं लग्न. ऊस बांधून झाला असेल आणि चिंच-आवळे कुणी आणायचे यावरून दादा-वहिनीचं भांडणही. फोन असताना पत्र कशाला, असं पप्पा म्हणतील. फोनवर आई रडते आणि मग मी खोटं बोलते, म्हणून. हातानं लिहून फोटो पाठवतेय. दादा, आज्जीला मोठ्यानं वाचून दाखव, पेन्सिलीनं कंस केलेला भाग सोडून.

पहिलं सांगायचं ते हे, की मी बरी आहे. टीव्हीवर दाखवतात ते बाहेरून आलेल्यांविरुद्धचे मोर्चे 31 ऑगस्टचे आहेत, कालचे नव्हेत. त्यांच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेतलं होतं, हे खरं. त्या दिवशी मी खोलीतच होते, तांदळाच्या भाकरी थापत. त्याही फाटल्या, तो भाग वेगळा. रात्री एकटी फिरत नाही, बसथांबा घरापासून चार मिनिटांवर आहे. 2009 साली इथं आपल्या मुलांवर हल्ले झाले होते हे मलाही माहीत आहे, दर फोनला आठवण करून द्यायला नको, असं काकांना सांगा. आणि मी वाळलेली नाही, कॅमेराच तसा आहे.

पप्पा, इथली एक रीत तुम्हाला सांगायची कधीपासून राहिली आहे. सभा असो, वर्ग असो, पदवीदान असो, सुरुवातीला एक जण उभा राहून म्हणतो, की आपण ज्या जमिनीवर जमलोय तिचे मूळ मालक वुरुंजेरी लोक आहेत, त्यांच्या वाडवडिलांना आमचा नमस्कार, ही जमीन त्यांनी कधी कुणाला दिलेली नाही. एवढं बोलून तो खाली बसतो आणि प्रोजेक्टर चालू करतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आता भांडण जुंपणार. आपल्याकडं ‘ही जमीन कुणाची’ एवढं कुणी मोठ्यानं म्हटलं तरी बेळगावच्या खडे बाजारातली शटरं खाली येतात. इथं कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. दिली नाही म्हणता, तर मग परत द्या की! नाहीतर आपण सगळ्यांनी उठून तरी जाऊया. कुणी उठत नाही. मीही उठले नाही, फी भरलेली आहे.

मग मी वाचून काढलं. 1835 साली बॅटमन नावाच्या माणसानं ब्लँकेटं, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे आणि पीठ देऊन सुमारे 6 लाख एकर जमीन इथल्या लोकांकडून ‘घेतली’. उतारा नाही, मोजणी नाही. त्यावर गव्हर्नरनं तो करार रद्द केला. तुम्हाला वाटेल, मूळ मालकांच्या बाजूनं. तर नव्हे. जमीन मुळी त्यांची नाहीच, ती राणीसरकारची, तेव्हा त्यांना विकायचा हक्कच नाही, असं म्हणून. (राणी नव्हे, तेव्हा राजा होता. दादा चूक काढेल म्हणून आधीच लिहिते.) दोन वर्षांपूर्वी या लोकांचं म्हणणं संसदेपुढं मांडायला एक मंडळ असावं का, यावर देशभर मतदान झालं. 60 टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. नमस्कार मात्र रोज चालू. आणि 31 ऑगस्टचा तो मोर्चा बाहेरून आलेल्यांच्या विरोधात होता ना? त्याच दिवशी इथल्या एका बागेतल्या आदिवासींच्या तळावर काळे कपडे घातलेल्यांनी हल्ला केला. म्हणजे बाहेरचा कोण आणि घरचा कोण, हे आपल्या येळ्ळूरसारखंच इथंही ज्याचं त्यानं ठरवायचं.

आता ती गोष्ट, जी मी फक्त वहिनीला सांगितली होती आणि वहिनीनं पोटात ठेवली नाही.

(सप्टेंबरात आमच्या चौघांच्या गटाला एक विषय मांडायचा होता. वाटणी करताना इथला एक मुलगा म्हणाला, बोलायचं काम मी करतो, म्हणजे लोकांना कळेल, तू फक्त चित्रं लाव. मी म्हटलं, माझा भाग मीच बोलणार. तेवढ्यावर तो गप्प झाला, पण नंतर लिफ्टपाशी मला ऐकू जाईल असं म्हणाला, जिथून आलीस तिथं परत जा. हात-बित कुणी लावला नाही. आई, एवढंच झालं.)

तुम्हाला वाटत असेल मी रडले. नाही. खरं सांगायचं तर ते वाक्य मला नवीन नव्हतं. मराठी पाहिजे तर महाराष्ट्रात जा, हे ऐकतच मोठी झाले. 2014 च्या जुलैत आपल्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ फलक काढला आणि लाठीमार झाला, तेव्हा मी शाळेत होते. पप्पा तीन दिवस जेवले नव्हते. त्यामुळे लिफ्टपाशी मनात आलं ते एवढंच, की अरे, हे इथंही आहे काय.

तक्रार केली. त्यानं व्हिसाला काही होत नाही, मी आधी विचारून घेतलं होतं. मग आमच्या बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. त्याचे वडील मोटारीच्या कारखान्यात होते. 2016 आणि 2017 या दोन वर्षांत इथले मोटारींचे मोठे कारखाने एकामागून एक बंद झाले, तेव्हा हा शाळेत होता. आता घरभाडं परवडत नाही म्हणून रोज दीड तास गाडी चालवत येतो, आणि भाडी चढली ती आम्हा परदेशी विद्यार्थ्यांमुळं असं त्याला कुणीतरी सांगितलंय. हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता, टेबलावरची पाण्याची बाटली फिरवत होता. पप्पा, तुम्ही मागाचं कर्ज फेडायच्या वर्षी सणगर गल्लीतल्या कुणाकुणाला शिव्या घालायचात, तसंच दिसत होता. मला त्याचं कळलं. कळलं म्हणजे पटलं असं नव्हे. त्याच्या वडिलांचं काम मी घेतलेलं नाही, मी तर तेव्हा आठवी-नववीत सायकलवरून शाळेला जात होते. हे मी बोलूनही दाखवलं. शेवटी ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ म्हणाला. वाटलं असेल तर! माझा भाग मीच बोलले, तुटक बोलले, पण बोलले.

रडू आलं ते नंतर, आणि दुसऱ्याच कारणानं.

लायब्ररीत नोंदणी करताना काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुठली तू? मी राहते त्या उपनगराचं नाव सांगितलं, डँडेनाँग. तर म्हणाल्या, तसं नव्हे, खरी कुठली? मी हसले. बसमध्ये बसल्यावर आठवलं, की हे हसणं मी कुठंतरी बघितलंय. बेळगावात कॉलेजच्या पहिल्या वर्षी खानापूरकडच्या जंगलातली एक सिद्दी मुलगी आमच्या बाकावर होती. कुरळे केस, माझ्याहून उंच, कोंकणी-मराठी आपल्यापेक्षा गोड. मी तिला गाव विचारलं, तिनं सांगितलं. मी म्हटलं, ‘ते न्हवं गे, खरं गाव कुठलं?’ सगळ्या हसल्या. तीही हसली. पोर्तुगीजांच्या काळात तिच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं, तिथून जंगलात पळाले ते शेकडो वर्षं तिथंच आहेत, हे मी इथं येऊन वाचलं. तेव्हा आम्ही तिच्या केसांना हात लावून बघायचो. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. का आली नाही, हे आम्ही विचारलंसुद्धा नाही. दादा, तुझ्या खानापूरच्या मित्राला विचारून बघ, सिद्दींच्या वाड्यांत त्याचं जाणं असतं. नंबर मिळाला तर पाठव. मिळाल्यावर काय बोलणार हे मला अजून सुचलेलं नाही.

पप्पा, अजून एक, आणि यावर रागवू नका. काल 1 नोव्हेंबर. इथल्या कानडी मुलांचा कर्नाटक राज्योत्सवाचा कार्यक्रम होता आणि मी गेले होते. तक्रारीच्या वेळी माझ्यासोबत तीन तास बसून राहिली ती गदगची मुलगी मला अक्का म्हणते, तिनं बोलावलं होतं. आपला भाग कर्नाटकात घातला म्हणून आपल्या घरी त्या दिवशी काळ्या फिती असतात हे विसरले नाही. लाल-पिवळी पट्टी गळ्यात घातली नाही, घोषणा दिल्या नाहीत. फक्त जेवले. ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्यांची येण्णगाई, पाच महिन्यांनी. नंतर पायरीवर बसून तिला फलकाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकली, आणि तिच्या मामांची सांगितली. ते बसचे कंडक्टर. सीमेवर बसच्या काचा फुटल्या तेव्हा ते आत होते, कपाळाला टाके पडले. आपण पेपरात ‘बसवर दगडफेक’ वाचत होतो. आत कंडक्टर असतो हे मला कधी सुचलं नाही. सीमाप्रश्नाचं तिचं-माझं जमलेलं नाही, जमणारही नाही. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडलंय ते आम्ही पायरीवर काय सोडवणार?

आता पैशाचं. मी 40 हजार पाठवले आहेत, ते कर्जाच्या हप्त्याचे. मळणीला मशीनच सांगा, आईनं कंबर मोडून घेऊ नये, त्याचे वेगळे पाठवते. पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं, त्याच्या वर मी करत नाही. सुट्टीत ती मर्यादा नसते, म्हणून डिसेंबरात येत नाही. गणपतीला नाही, सुगीला नाही, आता बाळाच्या बारशालाही नाही. वहिनी, माझ्या नावानं पाळणा एकदा हलव.

आत्यानं आणलेल्या कोल्हापूरच्या स्थळाशी बोलायला माझी ना नाही. पण मुलाच्या आईनं ‘कर्नाटकातली मुलगी, मराठी नीट येतं ना?’ असं विचारलं म्हणे. पप्पा, तुम्ही आयुष्यभर मोर्चे काढले ते यांच्याकडं जायला काय?

आणि आई, बायोडेटात ‘वर्ण : निमगोरा’ लिहिलंयस ते काढ. निमगोरी मी जन्मात नव्हते. उन्हात फिरू नको म्हणतेस ते आता पुरे. परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या खोलीतल्या मुलीला बघून तू म्हणालीस, ‘त्या काळ्या पोरीपासून जपून राहा.’ तिनं विचारलं, आई काय म्हणतेय? मी सांगितलं, तू जेवलीस का असं विचारतेय. तिचे आईवडील दक्षिण सुदानहून आलेले, ती जन्मली इथंच. मला ताप होता तेव्हा चार दिवस तिनं पेज करून दिली, मीठ जास्त घालून. पुढच्या फोनला तूच तिला विचार. ‘जेवलीस का’ एवढं मराठी तिला आता कळतं.

तुमची
धाकटी

ता. क. दादा, कंसातलं सोड म्हटलं तरी निमगोऱ्याचं आज्जीला वाचून दाखव. ती माझ्यापेक्षा सावळी आहे.